शाळेचा उंबरठा ओलांडताना : दहावीनंतरच्या वाटचालीची पूर्वतयारी

फेब्रुवारी-मार्च महिने आले की आपल्या धर्मग्रामांतील घराघरांतून एक वेगळीच शांतता पसरते. उपवासकाळ आणि शालान्त परीक्षा बहुधा एकाच सुमारास येतात. दूरचित्रवाणी संच बंद होतो, पाहुण्यारावळ्यांचे येणेजाणे कमी होते, आजी हळू आवाजात रोझरी म्हणते आणि घरातील दहावीचे अपत्य पुस्तकात डोके खुपसून बसलेले असते. चर्चमध्ये परीक्षार्थींसाठी खास मिस्सा अर्पण केली जाते. या सर्वांमागे जे प्रेम आहे ते मोलाचे आहे. परंतु आमच्या मनात दरवर्षी एक प्रश्न डोकावतो. ही सारी तयारी शेवटच्या पेपरपाशी येऊन थांबते. त्यानंतर निकाल लागतो, पेढे वाटले जातात आणि दोन-तीन महिन्यांनी तेच मूल एका परक्या इमारतीत, परक्या भाषेत, परक्या माणसांमध्ये जाऊन बसते. त्या दिवसाची तयारी कोणी केलेली असते?

आमच्या परिचयातील एका मुलाची हकिकत येथे सांगावीशी वाटते. गावातील मराठी शाळेतून त्याला दहावीला ८८ टक्के गुण मिळाले होते. घरात एवढे शिकणारा तो पहिलाच. गावाने कौतुक केले, मुंबईतील एका महाविद्यालयात विज्ञान शाखेला प्रवेश मिळाला. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत सर्व काही ठीक आहे असेच घरच्यांना वाटत होते. पुढे उपस्थितीविषयी महाविद्यालयातून दूरध्वनी आला तेव्हा उलगडा झाला. मुलगा रोज पहाटे डबा घेऊन निघत होता, परंतु वर्गात न जाता रेल्वे स्थानकावरील बाकावर बसून संध्याकाळी परतत होता. कारण विचारले असता तो एवढेच म्हणाला, "सर काय बोलतात ते कळत नव्हतं, आणि कळत नाही हे सांगायची लाज वाटत होती."

हा मुलगा आळशी नव्हता, बुद्धीनेही कमी नव्हता. शाळा आणि महाविद्यालय यांच्यामध्ये एक ओढा आहे, त्यावर साकव घातलेला नाही आणि प्रत्येकाने तो उडी मारूनच ओलांडावा अशी आपली अपेक्षा आहे. हा साकव बांधण्याचे काम घर, शाळा आणि धर्मग्राम या तिघांचे आहे. ते नववीपासूनच सुरू व्हावयास हवे, असे आमचे नम्र मत आहे. हे लिहिताना आमच्या डोळ्यांपुढे प्रामुख्याने वसई परिसरातील मराठी माध्यमाचे विद्यार्थी आहेत, तथापि गाव सोडून शहरात शिकावयास जाणाऱ्या कोणत्याही मुलामुलीला यातील बरेचसे लागू पडेल.

बदल नेमका कशात होतो?

महाराष्ट्रात १९७५ पासून दहावीला शालान्त परीक्षा आणि त्यानंतर दोन वर्षांचे उच्च माध्यमिक शिक्षण अशी रचना आहे. त्यामुळे आपल्याकडील मूल पंधराव्या-सोळाव्या वर्षीच 'कॉलेजात' जाते. वयाने ते अजून शाळकरीच असते, परंतु भोवतालचे जग एकाएकी प्रौढांचे होते.

गावातील शाळेत शिक्षक मुलाला नावानेच नव्हे, तर घराण्यानिशी ओळखतात. दोन दिवस गैरहजर राहिल्यास तिसऱ्या दिवशी निरोप घरी येतो. गृहपाठ तपासला जातो, चूक झाली तर कान धरला जातो. महाविद्यालयात एकेका तुकडीत शंभरच्या आसपास विद्यार्थी असतात. प्राध्यापक येतात, शिकवतात आणि तास संपताच पुढील वर्गाकडे निघून जातात. वहीत काय उतरले, काय सुटले, हे पाहणारे कोणी नसते. ही प्राध्यापकांची निष्ठुरता नव्हे, ती त्या व्यवस्थेची रीतच आहे. शाळेत विद्यार्थ्याला कोणीतरी अभ्यासाकडे नेत असते, येथे त्याने स्वतःहून जावयाचे असते. ही गोष्ट मुलांना आधी कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगितली पाहिजे.

पहिली पायरी : भाषा

सर्वांत मोठी अडचण भाषेची. कला व वाणिज्य शाखांत मराठीतून परीक्षा देण्याची सोय असते. विज्ञान शाखेत मात्र इंग्रजीवाचून सहसा गत्यंतर नसते. ज्या शाळांत 'सेमी इंग्रजी' वर्ग आहेत तेथील मुले गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकलेली असतात, त्यांचा मार्ग थोडा सुकर होतो. उरलेल्यांना मात्र एका सकाळी सर्व ओळखीच्या संकल्पना अनोळखी वेषात भेटतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अत्यंत आवश्यक आहे. मुलाला विषय येत असतो, त्याला केवळ त्या विषयाची नावे येत नसतात. 'वेग' काय असतो हे त्याला पक्के ठाऊक आहे, पण फळ्यावर 'व्हेलॉसिटी' लिहिले की तो गोंधळतो. 'त्वरण' म्हणजेच 'ॲक्सिलरेशन', 'संवेग' म्हणजे 'मोमेंटम', 'अपवर्तन' म्हणजे 'रिफ्रॅक्शन', 'संयुजा' म्हणजे 'व्हॅलन्सी', 'आम्ल' म्हणजे 'ॲसिड' हे एकदा जुळले की निम्मी भीती पळून जाते. वाणिज्य शाखेतही तसेच आहे. 'ताळेबंद' म्हणजे 'बॅलन्स शीट', 'घसारा' म्हणजे 'डिप्रीसिएशन', 'नावे' म्हणजे 'डेबिट' आणि 'जमा' म्हणजे 'क्रेडिट'. विज्ञानाची बरीचशी मराठी परिभाषा विद्यार्थ्याने दहावीपर्यंत अभ्यासलेली असते. तिच्यासमोर इंग्रजी शब्द लिहून एक वही तयार करणे, एवढेच काम आहे.

म्हणून आमची पहिली सूचना अशी की दहावीची परीक्षा संपल्यावर पंधरा दिवस मुलांना मनसोक्त हुंदडू द्यावे आणि त्यानंतर रोज दहा शब्द या हिशेबाने ही वही सुरू करावी. दोन महिन्यांत सहाशे शब्द होतात. त्यासाठी महागड्या शिकवणीची गरज नाही. शेजारच्या इंग्रजी माध्यमाच्या मुलाकडून विज्ञानाचे दहावीचे पुस्तक मागून आणावे आणि आपले मराठी पुस्तक शेजारी ठेवून तेच धडे पुन्हा वाचावेत. राज्यमंडळाची दोन्ही माध्यमांची पुस्तके एकाच अभ्यासक्रमाची असल्यामुळे धड्याला धडा आणि आकृतीला आकृती जुळते. बालभारतीच्या संकेतस्थळावर ही पुस्तके उपलब्ध असतात.

मातृभाषेतून शिकल्याचा न्यूनगंड मात्र मुलांच्या मनात चुकूनही रुजू देऊ नये. मराठी शाळेत संकल्पना पक्की झालेली असेल तर इंग्रजी शब्द हे केवळ नवे लेबल असते. वसईच्या मातीत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया कोवळ्या वयात येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर दूर जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली की पुढे फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांचे दुभाषी म्हणून त्यांनी काम केले. १५९७ साली नागासाकी येथे त्यांना हौतात्म्य आले व १८६२ साली त्यांना संतपद बहाल करण्यात आले. ज्यांच्या नावाने आपण नवस बोलतो, त्यांनी परकी भाषा शिकण्याचे कष्ट आपल्या मुलांच्याच वयात घेतले होते, हे मुलांना आवर्जून सांगावे.

दुसरी पायरी : शाखेची निवड

'ऐंशीच्या वर गुण म्हणजे विज्ञान, साठ-सत्तर म्हणजे वाणिज्य आणि त्याखाली कला' अशी एक अलिखित वर्णव्यवस्था आपल्या समाजात रूढ झाली आहे. तिच्यामुळे किती मुलांचे नुकसान झाले असेल याची गणती नाही. शाखा ठरवताना गुणांच्या आधी दोन प्रश्न विचारावेत. मुलाला कोणता विषय अभ्यासाची सक्ती नसतानाही वाचावासा वाटतो? आणि पुढे ज्या क्षेत्रात जावयाचे त्यासाठी कोणते विषय अनिवार्य आहेत?

दुसऱ्या प्रश्नाच्या अज्ञानातून अनेक दारे नकळत बंद होतात. अकरावीला गणित सोडले तर अभियांत्रिकी व वास्तुशास्त्राचा मार्ग खुंटतो. जीवशास्त्र सोडले तर वैद्यकीय शिक्षणाचा मार्ग अवघड होतो. आपल्या अनेक मुली परिचर्येच्या क्षेत्रात जाऊ इच्छितात. त्यांपैकी बी. एस्सी. नर्सिंगसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय बारावीला आवश्यक असतात. जी. एन. एम. या पदविकेसाठी मात्र अन्य शाखेतून इंग्रजीसह बारावी उत्तीर्ण झालेल्यांनाही अर्ज करता येतो. ही माहिती नसल्याने एखादी मुलगी न झेपणाऱ्या विज्ञान शाखेत केवळ 'नर्स व्हायचे आहे' म्हणून दोन वर्षे झुरते. सनदी लेखापाल होण्यासाठी विज्ञान लागत नाही. बारावीनंतरचा पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला खुला आहे आणि केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते.

ज्याच्या हाताला कौशल्य आहे त्याने अकरावीला गेलेच पाहिजे असेही नाही. दहावीनंतर तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका घेऊन अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळवता येतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील, म्हणजे आय. टी. आय. मधील, दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यालाही पदविकेच्या दुसऱ्या वर्षाचे दार उघडे असते. ही वाट कमीपणाची नाही, ती वेगळी आहे इतकेच.

तिसरी पायरी : 'अकरावी म्हणजे विश्रांती' हा भ्रम

दहावी बोर्डाची, बारावी बोर्डाची आणि मधली अकरावी महाविद्यालयाच्या अंतर्गत परीक्षेची. त्यामुळे हे वर्ष 'मोकळे' समजण्याची प्रथा पडली आहे. प्रत्यक्षात बारावीची इमारत अकरावीच्या पायावर उभी असते. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेत सुमारे २० टक्के प्रश्न अकरावीच्या अभ्यासक्रमावर असतात, तर 'नीट' आणि 'जेईई' या परीक्षांत अकरावी व बारावी या दोन्ही इयत्तांचा अभ्यासक्रम येतो. अकरावीत ज्याचे पाऊल घसरते तो बारावीत दोन वर्षांचे ओझे एकदम उचलतो.

आणखी एका धक्क्यासाठी पालकांनी मनाची तयारी ठेवावी. दहावीला नव्वद टक्के मिळवणाऱ्या मुलाला अकरावीच्या पहिल्या चाचणीत पंचेचाळीस-पन्नास टक्के मिळणे ही अगदी सामान्य गोष्ट आहे. दहावीच्या गुणांत प्रत्येक विषयाचे २० गुण अंतर्गत वा तोंडी परीक्षेचे असतात आणि एकूण टक्केवारी सर्वोत्तम पाच विषयांवर काढली जाते. अकरावीत अभ्यासाची खोलीच बदलते. अशा वेळी 'तुझे कुठे लक्ष आहे?' असे दरडावण्याऐवजी 'काय समजले नाही?' असे विचारावे. पहिली चाचणी हा निकाल नसून सूचना आहे.

चौथी पायरी : प्रवेशाचे सोपस्कार

२०२५ सालापासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण महाराष्ट्रात एकाच ऑनलाइन प्रक्रियेने होऊ लागले. त्यापूर्वी ही पद्धत मुंबई महानगर क्षेत्र, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर व अमरावती येथपुरती मर्यादित होती. अर्जाचे दोन भाग असतात. पहिल्यात वैयक्तिक माहिती आणि दुसऱ्यात महाविद्यालयांचा पसंतीक्रम. २०२५ च्या प्रवेशांत किमान १ व कमाल १० महाविद्यालये निवडता येत होती. यातील एक नियम फार महत्त्वाचा आहे. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाल्यास तेथे प्रवेश घ्यावाच लागतो. न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांतून नाव वगळले जाते. म्हणून केवळ नाव मोठे आहे या कारणास्तव दूरच्या महाविद्यालयाला पहिला क्रमांक देऊ नये. नियमांत दरवर्षी थोडाफार बदल होतो, तेव्हा त्या वर्षीचे परिपत्रक अवश्य वाचावे.

ख्रिस्ती समाजाने चालविलेल्या अल्पसंख्याक महाविद्यालयांत समाजातील विद्यार्थ्यांसाठी अल्पसंख्याक कोटा असतो. त्याच्या लाभासाठी धर्माचा पुरावा लागतो आणि बहुधा बाप्तिस्म्याचा दाखला मागितला जातो. निकालानंतर धर्मग्राम कार्यालयात गर्दी करण्यापेक्षा हा दाखला परीक्षेपूर्वीच काढून ठेवावा. आधार कार्डावरील, शाळेच्या दाखल्यावरील आणि बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरील नावांत फरक असण्याचे प्रमाण आपल्याकडे मोठे आहे. कोठे 'डिसोजा', कोठे 'डिसूझा', तर कोठे वडिलांचे घरगुती नाव. शाळा सोडण्यापूर्वी ही दुरुस्ती करणे सोपे असते, नंतर ती कटकटीची होते. उत्पन्नाचा, रहिवासाचा आणि लागू असल्यास जातीचा दाखला यांनाही वेळ लागतो, तेव्हा जानेवारीतच अर्ज करावा.

आणि ज्यांचे एखाद-दोन विषय राहिले त्यांनीही धीर सोडू नये. निकालानंतर अल्पावधीतच पुरवणी परीक्षा होते आणि दोन विषयांपर्यंत अनुत्तीर्ण असलेल्यांना 'एटीकेटी'च्या सवलतीने अकरावीत प्रवेश घेता येतो.

पाचवी पायरी : वेळ, पैसा आणि प्रवास

वसई रोड ते चर्चगेट हे अंतर सुमारे ५२ किलोमीटर आहे. आगाशी, निर्मळ वा भुईगावहून निघणाऱ्या मुलाला आधी बस, मग लोकल आणि पुन्हा चालणे. जाऊन येऊन चार तास सहज जातात. एवढा वेळ रोज देऊन मुलाच्या अंगात अभ्यासाची ताकद उरते का, याचा विचार प्रवेशापूर्वी करावा. वसई-विरार परिसरातही चांगली कनिष्ठ महाविद्यालये आहेत. दोन वर्षे घराजवळ शिकून मग पदवीसाठी मुंबई गाठली तर काही बिघडत नाही. मुंबईच निवडली असेल, तर सुट्टीत एक-दोनदा पालकांनी मुलाला गर्दीच्या वेळी सोबत न्यावे, फलाट, महिलांचे डबे, परतीच्या गाड्या दाखवाव्यात आणि धावती गाडी पकडावयाची नाही, दारात लटकावयाचे नाही, हे बजावून सांगावे.

पैशाचेही शिक्षण हवे. आठवड्याचा ठरावीक खर्च मुलाच्या हाती द्यावा व हिशेब त्यालाच लिहू द्यावा. मोबाइलच्या बाबतीत बंदीपेक्षा शिस्त बरी. जेवताना आणि झोपताना तो घरातील सर्वांनीच बाजूला ठेवला, आई-वडिलांनीसुद्धा, तर मुले ते मान्य करतात. वसतिगृहात राहणार असलेल्यांनी सुट्टीत कपडे धुणे, साधा वरणभात करणे आणि बँकेचे व्यवहार शिकून घ्यावेत. हे मुलींइतकेच मुलांनाही लागू आहे.

पालकांची भूमिका

"आम्ही शिकलेलो नाही, आम्हाला त्यातले काय कळते?" असे उद्गार आपण अनेक माता-पित्यांच्या तोंडून ऐकतो. पहाटे भाजीच्या नि फुलांच्या टोपल्या घेऊन दादरच्या बाजारात जाणाऱ्या मातांनी या समाजाच्या कित्येक पिढ्या शिकविल्या आहेत. रसायनशास्त्र कळले नाही तरी चेहरा वाचता येतो. जेवण कमी झाले, बोलणे थांबले, मित्रांची नावे ऐकू येईनाशी झाली की समजावे, काहीतरी सलते आहे. त्या वेळी उपदेश न करता जवळ बसावे. मन फारच खचलेले दिसले तर 'टेली-मानस' या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तेथे विनामूल्य सल्ला मिळतो. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

वर उल्लेखिलेल्या मुलाच्या घरी 'कसे चालले आहे?' या प्रश्नाला 'बरे' हे उत्तर रोज मिळत होते. 'आज काय शिकवले? वही दाखव पाहू' असे कोणी विचारले नव्हते, कारण वही आपल्याला वाचता येणार नाही याची आई-वडिलांना खात्री होती. वही वाचता आली नाही तरी ती कोरी आहे हे त्यांच्या ध्यानात आले असते.

धर्मग्राम काय करू शकतो?

आपल्या प्रत्येक धर्मग्रामात महाविद्यालयात शिकणारी मुले आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, सभागृह आहे. एवढ्या भांडवलावर बरेच काही होऊ शकते. दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला बारावीतील वा पदवीच्या वर्गातील एक 'ताई' किंवा 'दादा' नेमून द्यावा. तो अकरावीच्या पहिल्या सहा महिन्यांत महिन्यातून दोनदा त्याची विचारपूस करील. मे महिन्यात शब्दांच्या वहीचा वर्ग चालवावा. प्रवेश अर्जाच्या दिवसांत सभागृहात एक संगणक ठेवून अर्ज भरण्यास मदत करावी. जुनी पुस्तके गोळा करून वाटावीत. शुल्काची अडचण असलेल्यांना संत विन्सेंट डी पॉल सोसायटीकडे संकोच न करता जाता यावे असे वातावरण असावे. आणि गुणवंतांच्या सत्कारसमारंभात नव्वद टक्केवाल्यांबरोबरच पुरवणी परीक्षेत जिद्दीने उत्तीर्ण झालेल्यांनाही एक फूल मिळावे.

त्या मुलाचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. त्याचे एक वर्ष वाया गेले. नंतर त्याने आय. टी. आय. केले, मग पदविका घेतली, आणि आज तो स्वतःच्या पायावर उभा आहे. मात्र गणित आपल्याला येत नाही असे तो दीर्घकाळ मानत राहिला, हे त्यानेच आम्हाला सांगितले. हल्ली जून महिन्यात तो आपल्या धर्मग्रामात मुलांचे प्रवेश अर्ज भरून देतो आणि प्रत्येकाला एकच गोष्ट सांगतो : कळले नाही तर पहिल्या आठवड्यातच विचारा.

यंदा दहावीला बसलेल्या सर्व विद्यार्थ्यांना आमच्या मनःपूर्वक शुभेच्छा. शेवटचा पेपर देऊन मूल घरी आले की त्याला पोटभर जेवू घाला, स्वस्थ झोपू द्या आणि पंधरा दिवसांनी त्याच्या हाती एक कोरी वही ठेवा.